जठराचा माल्ट लिम्फोमा आणि १४ दिवसांच्या गोळ्या: वर्षभराचा अनुभव

बाबांच्या जठरात माल्ट लिम्फोमा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा सावकाश वाढणारा कॅन्सर, निघाला, त्याला आता वर्ष होत आलं. किमो नाही, ऑपरेशन नाही. १४ दिवस गोळ्या आणि मग ठरावीक अंतराने एंडोस्कोपी. कॅन्सरवर अँटिबायोटिक? घरात कोणाला पटेना. म्हणून सविस्तर लिहितेय.

हा लिम्फोमा बहुतेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूच्या जिवावर वाढतो. जंतूमुळे जठराला वर्षानुवर्षं सूज राहते, तिथे बी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) जमतात आणि त्यातल्याच काही बिघडतात. जंतू मेला की त्यांची रसद तुटते. हे १९९३ मध्ये पहिल्यांदा दाखवलं गेलं. आजार जठरापुरताच असेल तर साधारण चारातल्या तिघांना एवढंच पुरतं.

खरी कसोटी निदानाची. पहिल्या रिपोर्टवर नुसतं 'जुनाट गॅस्ट्रायटिस'. तपासायला घेतलेले तुकडे मोजकेच होते. वजन उतरतच राहिलं म्हणून दुसरीकडे गेलो. तिथे जठराच्या वेगवेगळ्या भागांतून भरपूर तुकडे घेतले आणि त्यांचे मेणातले ब्लॉक लिम्फोमाच्या जाणकार पॅथॉलॉजिस्टकडे पाठवले. आयएचसीत (पेशींतली प्रथिनं रंगवून ओळखण्याची तपासणी) सीडी२० हे बी-पेशींचं प्रथिन पॉझिटिव्ह, सायक्लिन डी१ निगेटिव्ह, म्हणजे मँटल सेल हा दुसऱ्या प्रकारचा लिम्फोमा नव्हे. फिश या जनुकीय टेस्टमध्ये ११ आणि १८ या गुणसूत्रांची अदलाबदल नव्हती. ती असती तर गोळ्यांवर भिस्त ठेवणं कठीण होतं. हा खर्च टाळू नका, पुढचं सगळं त्यावर ठरतं.

कोर्स सोपा नाही. मेट्रोनिडॅझोलने तोंडाला सतत धातूची चव, भाकरीसुद्धा गोड लागेना. बिस्मथमुळे जीभ आणि शौच काळं. रक्त पडतंय की काय म्हणून आई हादरली. डॉक्टरांनी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. टेट्रासायक्लिन दुधाबरोबर चालत नाही, त्यामुळे बाबांचा सकाळचा चहा आणि जेवणातलं ताक गोळ्यांपासून लांब ठेवावं लागलं. आईने फ्रिजवर तक्ता लावला आणि एकही डोस चुकू दिला नाही.

जंतू गेला का, हे श्वासाच्या तपासणीत कळतं. ती कोर्सनंतर किमान चार आठवड्यांनी होते आणि त्याआधी दोन आठवडे ॲसिडिटीची पँटोप्राझोलसारखी गोळी बंद ठेवावी लागते. बाबांची जळजळ तेव्हा फार वाढली होती.

जंतू गेला, पण पुढच्या बायोप्सीत लिम्फोमा होताच. नातेवाईक म्हणाले, आता तरी किमो द्या. डॉक्टर ठाम होते: पेशी कमी होताहेत, पूर्ण जायला वर्षही लागतं, कधी त्याहून जास्त. थांबलो ते बरं केलं. ताज्या बायोप्सीत विरळ अवशेष उरलेत, वजनही भरतंय. पुढच्या तपासणीत ते वाढलेले दिसले तर जठराला कमी मात्रेचं रेडिएशन द्यायचं ठरलंय. या आजारावर तेही चांगलं चालतं.