रेडिएटर घरी बदलावा की गॅरेजला द्यावा? माझा हिशोब

मागच्या मे महिन्यात कात्रजच्या जुन्या घाटात आमच्या गाडीचा तापमानाचा काटा वर सरकायला लागला. एसी बंद केला, तरी काटा वरच, मग हीटर फुल लावला (मे महिन्यात हीटर, घरच्यांनी काय काय ऐकवलं ते इथे नको), कारण हीटर लावला की इंजिनची थोडी उष्णता केबिनमध्ये निघून जाते. असं करत कसेबसे घरी आलो. बॉनेट उघडलं तर रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी अन् अॅल्युमिनियमची जाळी जिथे जोडलेली असते त्या शिवणीवर हिरवट पांढरी पापडी धरलेली, नखाने खरवडली तर खालून ओलं. म्हणजे लीक तिथेच. तुमच्याकडे असं काही दिसत नसेल तर आधी कॅप, होज पाईप अन् वॉटर पंप बघा, उगाच रेडिएटर बदलू नका.

जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर डाग मारून (सोल्डर करून) चालायचे, या प्लॅस्टिक टाकीला डाग लागत नाही. एम-सील म्हणजे घरी पोचण्यापुरतं. हळद टाकायचा सल्लाही मिळेलच, ट्रकवाल्यांची जुनी युक्ती आहे, पण ती बारीक नळ्यांमध्ये अन् हीटरच्या कोअरमध्ये जाऊन बसते, मग ते कोण साफ करणार.

आता पैशाचं. गाडी छोटी हॅचबॅक, पेट्रोल, मॅन्युअल, आणि हे मला मिळालेले आकडे, तुमच्या गाडीला वेगळे असतील. सर्व्हिस सेंटरने ९,४०० सांगितले. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने त्याचाच पार्ट टाकून ५,६००. मग मी नाना पेठेत गेलो, तीन दुकानं फिरलो, चांगल्या ब्रँडचा आफ्टरमार्केट रेडिएटर २,६०० ला मिळाला, दोन लिटर कूलंट कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) ७००, डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन १००, नव्या क्लिपा ८०, झाले ३,४८०. तोच मेकॅनिक माझा पार्ट नुसता बसवायचे ७०० घेणार होता.

इथेच खरी गोम आहे. घरी करून लोक मजुरी वाचवायला बघतात पण मजुरी ७०० च आहे हो! मोठी बचत पार्ट स्वतः आणण्यात आहे, जवळजवळ दीड हजार. म्हणून ज्याच्याकडे गोटी पान्याचा सेट, जॅक, स्टँड आधीपासून नाहीत त्याने ते विकत आणून "बचत" करू नये, पार्ट आणावा, मेकॅनिकला द्यावा अन् शेजारी उभं राहावं. शेजारी उभं राहावं हे मुद्दाम म्हणतोय, कारण घाईत साधं नळाचं किंवा बोअरचं पाणी ओतलं जातं, आणि आपल्या टँकर-बोअरच्या पाण्यातला क्षार किटलीत बसतो तसाच आत बसतो.

जुन्या बाजारातून किंवा भंगारातून सेकंडहँड घ्यावा का? मी नाही घेणार. बाहेरून जाळी चकचकीत असते पण आतून किती चोंदलाय ते बघायला काही मार्ग नाही, आणि तो दगा देणार तो नेमका घाटात.

मी घरीच केलं, कारण सामान होतं अन् खाज होती. मेकॅनिकचं काम दीड-दोन तासांचं, मला सहा तास लागले. त्यातला एक तास खालच्या होजची स्प्रिंग क्लिप काढण्यात गेला, साध्या पकडीने ती सटकते अन् बोट सोलतं. इंजिन पूर्ण गार होईपर्यंत कॅपला हात लावायचा नाही, आत प्रेशर असतं, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा, काही गाड्यांत चावी बंद असली तरी फॅन सुरू होतो. पुढचा एसीचा कंडेन्सर सोडवून नुसता बाजूला टेकवायचा, गॅसचे पाईप उघडायचे नाहीत. गाडी ऑटोमॅटिक असेल तर बऱ्याचदा गिअर ऑइलचे पाईपही रेडिएटरलाच असतात, तिथे मी सरळ गॅरेज म्हणेन.

घरी करण्याचा खरा फायदा मला भरताना कळला. साध्या डिस्टिल्ड वॉटरने फ्लश केलं की थोडं पाणी इंजिनमध्येच राहतं, त्यामुळे वरून अर्धं-अर्धं मिक्स ओतलं तर आत कूलंट पातळच होणार. म्हणून माझ्या चार लिटरच्या सिस्टिममध्ये आधी दोन लिटर कॉन्सन्ट्रेट पूर्ण ओतलं आणि मग उरलेली जागा पाण्याने भरली. गॅरेजात एवढा वेळ कोण काढतंय. शिवाय रंग बघून कूलंट घेऊ नका, हिरवा-लाल हे काही स्टँडर्ड नाही, मॅन्युअलमधला प्रकार बघा, दोन प्रकार मिसळले तर आत गाळ होऊ शकतो. मग हीटर फुल गरमवर ठेवून, रेडिएटरचा फॅन एकदा चालू-बंद होईपर्यंत इंजिन चालवायचं, वरचा पाईप हलकेच दाबत राहायचं म्हणजे बुडबुडे निघतात.

पार्किंगमध्ये करणार असाल तर खाली मोठी परात ठेवा. कूलंट गोड लागतं, सोसायटीतली कुत्री चाटतात आणि थोड्यानेही मरतात. आमच्या सेक्रेटरींना फरशीवरच्या डागाचीच जास्त काळजी होती, असो. जुनं कूलंट कॅनमध्ये भरून मेकॅनिककडे दिलं, गटारात नाही.

नंतर आठवडाभर रोज सकाळी गार इंजिनवर कूलंटच्या बाटलीतली लेव्हल बघा. माझी दोन दिवसांत बोटभर उतरली, आत राहिलेली हवा निघाली तेवढी, मग जी थांबली ती अजून तिथेच आहे.