व्होल्व्हो ड्युएट ‘एपा’: दोन गिअरबॉक्स, एक हौदा आणि ताशी ३० किलोमीटर

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगतो. ओझं वाहायला ही गाडी झकास. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना खेड्यातून शाळेत, मैदानावर जायला चालेल अशी. प्रवासाला मात्र अजिबात नाही, कारण ताशी ३० किलोमीटरच्या वर ती जात नाही आणि कायद्यानं जाऊही नये. ज्यांना एवढं पुरेसं आहे त्यांनी इथेच थांबावं. बाकीच्यांनी चहा घेऊन बसावं.

आम्ही दक्षिण स्वीडनमध्ये व्हेक्शो शहराबाहेर एका खेड्यात राहतो. इथल्या रस्त्यांवर कापलेल्या मोटारी दिसतात: पुढे जुनी व्होल्व्हो, मागे लाकडी फळ्यांचा हौदा आणि पाठीला लालभडक त्रिकोण. हाच तो एपा-ट्रॅक्टर. दुसऱ्या महायुद्धात स्वीडन लढाईत नव्हता, पण ट्रॅक्टरची आणि इंधनाची चणचण होतीच. शेतकऱ्यांनी जुन्या मोटारींचा मागचा भाग कापला, हौदा बसवला, वेग मारून ओढ वाढवली आणि शेतीची कामं भागवली. एपा ही त्या काळची स्वस्त मालाची दुकानसाखळी, तिचंच नाव या गाड्यांना चिकटलं. १९६३ मध्ये ‘ए-ट्रॅक्टर’ नावाचा सुधारित वर्ग आला आणि १९७५ मध्ये नव्या एपा बंद झाल्या. आधी नोंदवलेल्या मात्र आजही चालतात. माझी त्यांतलीच.

गाडी १९६४ ची ड्युएट, म्हणजे व्होल्व्होची मागे लांब छत असलेली स्टेशन वॅगन. इंजिन बी-१८, चार सिलिंडर, १.८ लिटर. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कुणा शेतकऱ्यानं आपल्या गोठ्याशेजारी ती कापली. १९६४ मध्ये ही गाडी जन्मली तेव्हा स्वीडनमध्ये वाहतूक डावीकडून होती, तरी स्टिअरिंगही डावीकडेच! ३ सप्टेंबर १९६७ ला अख्खा देश एका पहाटे उजवीकडे सरकला, तेव्हा कुठे हिचं स्टिअरिंग योग्य बाजूला आलं.

ड्युएटच का, हे नीट सांगतो, कारण घरगुती बदलाच्या गाडीत सगळा खेळ इथेच आहे. त्या काळच्या व्होल्व्होच्या इतर मोटारींना स्वतंत्र चासी नव्हती. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार घ्यायचा. ड्युएटला मात्र ट्रकसारखी वेगळी चासी. त्यामुळे पुढच्या दारांमागचं छत आणि बाजू उडवल्या तरी गाडीचा कणा शाबूत राहतो. बिनचासीची मोटार अशीच कापली की मधोमध वाकायला लागते आणि पहिली तक्रार दारांची येते: बंद केलेलं दार उघडत नाही, उघडलेलं बसत नाही. घेण्यापूर्वी मी अशा दोन-तीन गाड्या पाहिल्या. रंग चकाचक, आत स्पीकरची भिंत आणि दार लावायला खांद्याचा धक्का. माझ्या ड्युएटचा रंग उडालाय, पण दार आजही एका बोटानं लागतं.

आता दोन गिअरबॉक्स. इंजिनामागे मूळचा चार गिअरचा, त्याच्या मागे तसलाच दुसरा, आणि तो कायमचा पहिल्या गिअरमध्ये जखडलेला. पहिल्या गिअरचं गुणोत्तर साधारण तीनास एक. म्हणजे मूळ गाडी ताशी ९० नं पळताना इंजिन जितकं फिरायचं, तितकं ते आता ३० ला फिरतं. आवाजाची कल्पना करा. रेडिओ लावून उपयोग नाही. स्वीडिश पोरं एवढे मोठे स्पीकर का बसवतात, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

त्यातली गंमत म्हणजे वेग दाखवणाऱ्या काट्याची केबल पुढच्याच गिअरबॉक्सला जोडलेली होती. गाडी ३० नं चालायची आणि काटा नव्वदीवर. मुंबईहून आलेली माझी आत्या शेजारच्या सीटवर बसून एकदा काट्याकडे बघायची, एकदा खिडकीबाहेर, सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला तिकडे. केबल आता मागच्या गिअरबॉक्सला घेतली आहे.

ओढ मात्र विचारू नका. पहिल्या गिअरमध्ये गाडी माणसाच्या चालीपेक्षा हळू सरकते आणि ओल्या बर्चच्या ओंडक्यांनी हौदा भरला तरी चढावर क्लच तापत नाही. पण इथे एक पथ्य आहे. इंजिनाचा जोर दोन्ही गिअरबॉक्समधून वाढत वाढत मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टला आणि डिफरन्शियलला पोचतो, आणि हे भाग त्या जोरासाठी बनवलेलेच नव्हते. म्हणून मी गाडी दुसऱ्यावर उचलतो, हौदा रिकामा असेल तर सरळ तिसऱ्यावर. पहिला फक्त रुतलेली गाडी काढायला. आधीच्या मालकानं हे पथ्य पाळलं नसावं. सप्टेंबरात बटाट्याच्या गोण्या भरून निघालो आणि शाफ्टचा क्रॉस, म्हणजे वळू देणारा सांधा, गेला. शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं वाकून पाहिलं आणि सांगितलं, क्रॉस बदलून भागणार नाही. मागचा गिअरबॉक्स ज्यावर बसतो तो पाळणाच तिरका वेल्ड केलाय. शाफ्टला जास्त कोन मिळत होता आणि क्रॉस त्यानंच खाल्ला जात होता. पाळणा कापून, खाली पातळ पट्ट्या देऊन सरळ केला. तेव्हापासून हादरे गेले.

तेव्हा अशी गाडी घेणाऱ्यांनी इंजिन ऐकण्यात वेळ घालवू नये. बी-१८ दणकट आहे, त्याचे भागही मिळतात. गाडीखाली झोपा. कापलेला शाफ्ट कुठे जोडलाय, पाळणा कशावर बसलाय, हौद्याचे अँगल चासीला बोल्टनं धरलेत की नुसते वेल्डिंगचे टाके मारलेत, ते बघा. टाके मारले असतील तर आजूबाजूला गंज असणारच. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि उघड्या वेल्डिंगला ते सोडत नाही.

हिवाळ्याचं आणखी एक. मागची चाकं गाडी ढकलतात आणि कापाकापीनंतर मागे वजनच उरलेलं नसतं. पहिल्या बर्फात सपाट रस्त्यावरही शेपूट हलायला लागलं. हौद्यात मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर वाळूची पोती टाकली आणि गाडी शहाणी झाली. फाळक्याजवळ टाकू नका, पुढची चाकं हलकी होतात. २०२३ पासून या गाड्यांना हिवाळी टायर आणि सीटबेल्ट सक्तीचे झालेत, ते बरंच झालं. तीन ठिकाणी बांधणारा पट्टा १९५९ मध्ये याच कंपनीच्या नील्स बोलीननं आणला, आणि त्याच देशात पोरं इतकी वर्षं हौद्यात बसून फिरत होती!

पेट्रोल ९८ ऑक्टेनचंच घालतो. २०२१ पासून इथल्या साध्या ९५ मध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. पुण्यात ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) वरून डोकं धरणाऱ्या जुन्या बाइकवाल्यांना हे सांगायला नको. ताशी ३० ला गाडी पेट्रोल कमी पीत असेल असा समज असेल तर तो सोडा. इंजिन फिरतं नव्वदीच्या हिशेबानं, अंतर कापलं जातं तिसाच्या.

आता ही गाडी चालवणाऱ्या माझ्या लेकीबद्दल. स्वीडनमध्ये पंधराव्या वर्षी मोपेडचं लायसन्स मिळतं आणि त्यावर ही गाडी चालवता येते. दुपारनंतर आमच्याकडे बस जवळजवळ नसतेच, त्यामुळे तिला एपा म्हणजे पाय फुटल्यासारखं झालंय. शुक्रवारी संध्याकाळी पेट्रोलपंपाच्या आवारात अशा गाड्यांचा मेळा भरतो, तिथे तिची रंग उडालेली ड्युएट भाव खाते म्हणे. माझी अट एकच होती: मागचा गिअरबॉक्स सुटा करायचा नाही. तो सोडला की हीच गाडी ऐंशी-नव्वदनं पळते, आणि ब्रेक चारही चाकांना जुने ड्रमचे. ‘बाबा, सगळे करतात’ हे ऐकून झालंय. २०२० पासून इलेक्ट्रॉनिक वेगमर्यादा चालते, म्हणून आता बरीच पोरं नव्या मोटारींचे ए-ट्रॅक्टर करून घेतात. शांत, ऊबदार आणि सुरक्षितही. फक्त मुलांसाठी घ्यायची असेल तर मीही तीच घ्या म्हणेन.

भारतातून दोघा-तिघांनी विचारलं, अ‍ॅम्बॅसॅडरची अशी पिकअप करता येईल का? कागदोपत्री नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करू देत नाही. शिवाय अ‍ॅम्बॅसॅडरलाही वेगळी चासी नाही, त्यामुळे दारांची कथा वर सांगितलीच आहे.

सध्या राहिलेलं काम म्हणजे पुढचे ब्रेक ड्रम आणि हौद्याच्या दोन कुजलेल्या फळ्या. फळ्या पाइनच्याच घालणार आहे. लोखंडी पत्रा सुचवणारे बरेच भेटतात, पण ओल्या पत्र्यावर ओंडके घसरतात आणि वजनही वाढतं.