गोव्यातलं आमचं फोटोशूट : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

आमचं लग्न जून २०२० मध्ये सांगलीत झालं. पन्नास माणसांची मर्यादा होती. ठरवलेला फोटोग्राफर राहायचा तो भाग आदल्या दिवशीच सील झाला, त्यामुळे चुलतदिराने मोबाइलवर काढले तेवढेच फोटो राहिले. त्यातले बरे म्हणावेत असे अकरा. सातांत आमच्या तोंडावर मास्क आहेत.

त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २०१९ च्या पुरात, सासूबाई-सासऱ्यांचा लग्नाचा अल्बम पाण्यात गेला होता. आईंनी एकेक फोटो सोडवून दोरीवर वाळत घातला होता. चार वाचले. म्हणजे आमच्या घरात दोन पिढ्यांच्या लग्नाचे मिळून पंधरा फोटो. ही गोष्ट मला फार लागायची, आणि जानेवारी २०२५ मध्ये मंगेशीच्या दर्शनाला गोव्याला जायचं ठरलं तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, या वेळी आपण दोघांचे नीट फोटो काढून घेऊ, पैसे देऊन. आता त्याला नऊ महिने झाले. फोटो हातात आले त्या दिवशी लिहिलं असतं तर वेगळं लिहिलं असतं.

आधी झालेली चूक सांगते. पहिलं बुकिंग मी एका पोर्टलवर केलं. दोन तास, ३० फोटो, ८,००० रुपये. दोन हजार आगाऊ भरले. फोटोग्राफर कोण, हे शूटच्या दोन दिवस आधी कळेल असं उत्तर आलं. वेबसाइटवरचे फोटो कोणी काढलेत, हे विचारलं तर ‘आमची टीम’. म्हणजे ज्याचं काम पाहून मी पैसे भरले तोच येईल याची खात्री नव्हती. मी बुकिंग रद्द केलं, दोन हजार गेले. त्यांच्या अटींत तसं लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी थेट माणसाशी बोलले. मावससासूबाई फोंड्याला राहतात, त्यांच्या शेजारच्या मुलीच्या साखरपुड्याचे फोटो ज्याने काढले होते तो. मूळचा डिचोलीचा, मराठी बोलणारा, वय तिशीच्या आतलं. त्याला मी एकच मागितलं : इन्स्टाग्रामवरचे निवडक नकोत, एका जोडप्याचा अख्खा शूट दाखव. प्रत्येक फोटोग्राफरकडे दहा उत्तम फोटो असतातच. चाळिसांतला तिसावा फोटो कसा आहे, ढगाळ दिवशी काय केलं, लाजरी माणसं कशी दिसली, हे अख्ख्या शूटमध्येच कळतं. त्याने ‘त्यांना विचारून पाठवतो, वहिनी’ असं म्हणून दोन दिवस घेतले. मला ते फार आवडलं. जो दुसऱ्यांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय दाखवत नाही, तो आमचेही दाखवणार नाही.

ठरलं ते असं : सकाळी दोन तास आणि संध्याकाळी एक तास, ४० फोटो एडिट करून, १४,००० रुपये. तीस टक्के आधी, बाकीचे शूटच्या दिवशी. जास्तीचा फोटो हवा असेल तर प्रत्येकी २५० रुपये.

माझ्या यादीत पाच ठिकाणं होती. फोंतेनास (पणजीतली रंगीत भिंतींच्या जुन्या घरांची वस्ती), पणजीच्या चर्चच्या पायऱ्या, जुनं गोवं, पर्र्याचा माडांचा रस्ता आणि शापोरा किल्ला. त्याने तीन खोडली. जुन्या गोव्यातल्या चर्चेस पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तिथे ट्रायपॉड लावून किंवा धंद्याचं शूटिंग करायचं तर आधी परवानगी लागते; मोबाइलवर आठवण म्हणून काढा, शूट नको. पर्रा आणि शापोरा बार्देश तालुक्यात, दोन्हीकडे जाण्यात तुमचा अर्धा दिवस गाडीत जाईल आणि चेहऱ्यावर ते दिसेल. मग पणजीच्या चर्चचंही आम्ही सोडून दिलं, सकाळसाठी फोंतेनास तेवढं ठेवलं. त्या वेळी मी थोडी खट्टू झाले होते. आज माझं मत असं की दोन ठिकाणंही जास्तच होतात, एका सकाळीत एकच जागा पुरे.

ड्रोन घ्यायचा का, असंही मी विचारलं होतं. दाबोळीचा विमानतळ नौदलाचा, उत्तरेला मोपा, त्यामुळे कुठे उडवता येतं ते २०२१ च्या नियमांनुसार डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटच्या नकाशावर बघूनच ठरवावं लागतं, असं त्याने सांगितलं. नाही घेतला. दोन माणसांचे चेहरे हवे असताना वरून काढलेल्या फोटोचं करायचं काय?

आता सकाळ. जानेवारीत गोव्यात सूर्य सातच्या थोडा नंतर उगवतो. फोंड्याहून पणजी साधारण ३० किलोमीटर, म्हणून मी साडेचारला उठून नऊवारी न नेसता साधी गोल पैठणी नेसले, लग्नातलीच, मोरपंखी. मावशी दारात उभ्या राहून म्हणाल्या, “दृष्ट काढते थांब, मग जा.” मीठमोहरी ओवाळूनच सोडलं त्यांनी. मुलगी त्यांच्याकडेच झोपलेली राहिली. लहान मूल असेल तर ही सोय आधी करा. ती बरोबर असती तर माझं अर्धं लक्ष तिच्याकडे असतं.

फोंतेनास सकाळीच का, हे मला तिथे गेल्यावर समजलं. हा भाग आल्तिनोच्या टेकडीच्या पूर्वेच्या पायथ्याशी आहे, समोर ओरेम खाडी. त्यामुळे सकाळचं ऊन खाडीवरून सरळ घरांच्या भिंतींवर येतं, आणि संध्याकाळी टेकडी लवकर सावली धरते. संध्याकाळी चारनंतर गर्दीही फार. सकाळी साडेसातला गल्लीत आम्ही तिघं, एक मांजर आणि दारात पाणी शिंपडणाऱ्या एक आजी.

तिथे लोक राहतात, ही गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. गल्लीगल्लीत ‘फोटो काढू नका’, ‘आवाज करू नका’ अशा पाट्या दिसतात, आणि त्या लागण्याजोगं आपण पर्यटकांनीच वागलेलो आहोत. आमच्या फोटोग्राफरचे नियम ठरलेले होते. कोणाच्याही पायरीवर बसायचं नाही, खिडकीच्या गजांना हात लावायचा नाही, ओरडून सूचना नाहीत. तो स्वतः जवळ येऊन हळू आवाजात सांगायचा, “दादा, वहिनींच्या पाठीमागून या, घाई नको.” एका पिवळ्या घरासमोर उभं राहायचं होतं तेव्हा त्याने आधी दार वाजवून विचारलं. आतून एक काका आले, म्हणाले, “पाच मिनिटं, मग माझी स्कूटर काढायची आहे.” पाच मिनिटांत आटोपलं. फोटोग्राफर निवडताना त्या वस्तीतली माणसं त्याला ओळखतात का, हे जरूर बघा. गल्लीत त्याला दोघांनी नावाने हाक मारली, तेव्हा आमचाही संकोच गेला.

कपड्यांबद्दल. नवऱ्याने ऑफव्हाइट कुर्ता घातला होता. लाल भिंतीजवळ उभा राहिला की कुर्ता गुलाबी दिसायचा, गालही. रंगीत भिंत अंगावर रंग टाकते, हे डोळ्यांना जाणवत नाही, कॅमेऱ्यात लगेच येतं. म्हणून त्याला भिंतीपासून चार हात पुढे आणलं. पैठणीच्या खऱ्या जरीचं उन्हात पांढरं पांढरं होतं, नक्षी जाते. सावलीत उभं राहिलं की पदरावरचे मोर स्पष्ट उमटतात. गेरू-पिवळ्या भिंतीपुढे मोरपंखी रंग इतका उठून आला की घरी सगळ्यांनी विचारलं, साडी नवी घेतली का.

पहिली वीस मिनिटं आम्ही दोघंही लाकडासारखे होतो. माझ्या नवऱ्याला हात कुठे ठेवायचे हेच कळेना. त्यांतला एकही फोटो आम्ही ठेवलेला नाही. मग पोदेर, म्हणजे दारोदार पाव विकणारा, आला. सायकल, मागे निळ्या प्लास्टिकने झाकलेली टोपली, आणि तो भोंगा. मावशींनी पोळी आणायला सांगितलं होतं, म्हणून आम्ही शूट सोडून त्याच्याकडे गेलो. गोव्यात पोळी म्हणजे कोंड्याचा तो गोल पाव, चपाती नव्हे. नवरा सुट्टे मोजतोय, मी गरम पोळ्या पदरात धरून ठेवल्यात आणि त्याला सांगतेय की दहाची नोट मागच्या खिशात आहे. फोटोग्राफरने त्या वेळी काही सुचवलं नाही, फक्त काढत राहिला.

संध्याकाळचं थोडक्यात. पेडण्यातला आश्वे किनारा, सूर्यास्त सव्वासहा-साडेसहाच्या मध्ये. त्याने भरती-ओहोटीची वेळ बघून दिवस ठरवला होता, कारण ओहोटीच्या ओल्या वाळूत आकाश उतरतं. फोटो सुंदर आले, पण नऊ महिन्यांत आम्ही ते क्वचितच उघडले. एक मात्र नोंदवते : अंधार पडल्यावर मी फ्लॅश वापरून काही काढू म्हटलं, त्याने नकार दिला. मोरजी-आश्वेच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, उजेडाने ती बिचकतात. मला हे ठाऊक नव्हतं.

यानंतरचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. २१ दिवसांत फोटो देतो म्हणाला होता, ३७ दिवस लागले. लग्नसराई होती, दोनदा फोन करून त्याने स्वतः सांगितलं, तरी तक्रार आहेच. आधी आले लहान आकारातले, वॉटरमार्क असलेले २१२ फोटो, निवडण्यासाठी. इथे आळस करू नका. त्याने स्वतःच्या मते चांगल्या चाळिसांवर खूण केलेली होती, आणि त्यात पोदेराचा फोटो नव्हता. त्यात भोंगा अर्धा कापला गेलाय, माझ्या कपाळावर बट आलीय. तो आम्ही घ्यायला लावला. आज भिंतीवर तोच आहे.

एडिट होऊन पहिले दहा आले तेव्हा मला रडू आलं, आणि आनंदाने नाही. नवरा दोन छटा गोरा झाला होता. माझी कातडी मेणासारखी. लहानपणी पाटावरून पडल्याचा माझ्या हनुवटीवर व्रण आहे, तो नाहीसा. मुलगी साडेतीन वर्षांची, तिने स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, “आई, तुझं लागलेलं कुठे गेलं?” मी त्याला तिचं वाक्य जसंच्या तसं पाठवलं. त्याने लगेच सगळे पुन्हा केले, जादा पैसे न घेता, आणि म्हणाला की बहुतेक लोक हेच मागतात म्हणून सवय झाली. तुम्ही बुकिंगच्या वेळीच सांगा : रंग उजळायचा नाही, खुणा काढायच्या नाहीत. मुरुमं काढली तर चालतील, ती आठवड्याने जाणारच असतात.

फाइलचा आकारही तेव्हाच लिहून घ्या. मला आधी मिळाल्या त्या लांब बाजूला २०४८ पिक्सेलच्या. मोबाइलवर अप्रतिम, पण छापायला गेलं तर इंचाला ३०० पिक्सेल या हिशोबाने सात इंचसुद्धा भरत नाहीत. मागितल्यावर पूर्ण ६००० बाय ४००० च्या दिल्या, त्यातून २० इंचांपर्यंत निर्धास्त छापता येतं. आणि लिंक ३० दिवसांत बंद होते, त्याच आठवड्यात उतरवून घ्या.

हक्कांचंही बघा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन कोणाकडून फोटो काढून घेतला तर, वेगळा करार नसेल तर, पहिला मालक पैसे देऊन काढून घेणारा असतो, फोटोग्राफर नव्हे. म्हणून बुकिंगच्या कागदात ‘सर्व हक्क स्टुडिओकडे’ अशी ओळ असते का ते वाचा. आमच्यात तोंडी बोलणं आणि एक मेसेज होता : विचारल्याशिवाय कुठेही टाकणार नाही. त्याने दोन फोटो विचारून टाकले, एकाला मी नाही म्हटलं, तो नाही टाकला.

छपाई सांगलीत केली. पहिली प्रत काळपट आली, कारण मोबाइलचा उजेड पूर्ण ठेवून मी निवड केली होती. मग लॅबमध्ये छोटा नमुना काढून पाहिला, थोडा उजळ करून १२ बाय १८ छापला. फ्रेमवाल्याने फोटो थेट काचेला लावला. ऑगस्टच्या दमट हवेत एक कोपरा काचेला चिकटला, काढताना माझ्या खांद्यापाशी रंग निघाला. दुसऱ्यांदा मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालून फ्रेम केली, फोटो आणि काचेत अंतर राहिलं. हे फ्रेमवाल्याला सांगावंच लागतं.

छोटा अल्बम वरच्या मजल्यावर ठेवलाय. एक पेनड्राइव्ह पुण्याला भावाकडे, एक प्रत क्लाउडवर. नदी काय करते ते आम्ही पाहिलंय.

पैसे वसूल झाले का, असं सगळे विचारतात. माझ्यासाठी हो. शूटचे चौदा, छपाई-फ्रेम-अल्बमचे साडेसहा, बुडालेले दोन, म्हणजे साडेबावीस हजार रुपये. आमच्या घराला ही रक्कम लहान नाही, वर्षभर बाजूला टाकून जमवली होती. चाळिसांतले सहा-सात फोटो आम्ही परत परत बघतो, सगळे सकाळचे.

गणपतीत आई त्या फ्रेमसमोर बराच वेळ उभ्या होत्या. मग स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाल्या, “आमच्या वयाचे काढतात का गं ते?” डिसेंबरची तारीख घेतली आहे. एकच तास, एकच जागा. बाबांना गुडघ्यामुळे फार उभं राहवत नाही, म्हणून खाडीच्या बाजूला बसायला कुठे मिळेल ते आधी बघून ठेवतो असं त्याने कळवलंय. आई रोज कपाट उघडून साडी ठरवतात. भिंती कुठल्या रंगाच्या आहेत, हे त्यांनी मला तीनदा विचारलं.