बारशासाठी घेतलेले कुंकळ्ळीचे चिमणाळे

माझी शाळेपासूनची मैत्रीण बाळंतपणासाठी गोव्यात डिचोलीला माहेरी आली होती आणि चतुर्थीच्या विसर्जनानंतर दुसऱ्याच दिवशी तिला मुलगी झाल्याचा फोन आला. बारसे बाराव्या दिवशी असल्यामुळे मी लगोलग मडगावहून बसने कुंकळ्ळीला गेले आणि लाकडावर लाखेचे रंगकाम करणाऱ्या एका चितारी कुटुंबाच्या घरालगतच्या दुकानातून पाळण्यावर टांगायचे लाकडी चिमणाळे घेतले.

लाल, पिवळ्या आणि हिरव्या चिमण्या, मधोमध एक कातीव फूल आणि खाली गोल मणी अशी त्याची रचना आहे. माझ्यासमोरच एक चिमणी रंगवली गेली, ते पाहणे हा या खरेदीतला सर्वांत मोठा आनंद होता. कातावर, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, फिरणाऱ्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवली, की घर्षणाच्या उष्णतेनेच लाख वितळते आणि लाकडावर बसते. मग केवड्याच्या पानाने घासून तिला अशी चकाकी आणली जाते, की कुंचल्याने दिलेला रंग तिच्यापुढे फिका वाटावा. मी बोट फिरवून पाहिले, तर कुठेही कूस किंवा खरखरीतपणा लागला नाही. लाख उन्हात आणि गरम जागी खराब होते, म्हणून चिमणाळे खिडकीपासून दूर टांगावे आणि कोरड्या फडक्याने पुसावे, हे दुकानातील काकींनी न विचारताच सांगितले.

एक उणीव मात्र सांगायलाच हवी. चिमण्या ज्या दोऱ्यात ओवल्या होत्या तो कच्चा होता. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर टांगायच्या वस्तूत हे चालणार नाही, असे मी म्हटल्यावर काकांनी तक्रार न मानता सगळे उसवून जाड सुती दोऱ्यात पुन्हा ओवून दिले. तरीही मूल बसू लागले आणि त्याचे हात वर पोहोचू लागले, की चिमणाळे काढून ठेवावे, असे मी मैत्रिणीला कळवले.

ते पुन्हा ओवून होईपर्यंत मी तिथेच बसून तिला पत्र लिहिले. आमच्याकडेही धाकट्या दिराचे लग्न ठरले आहे आणि सासूबाई गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर काठीशिवाय चालू लागल्या आहेत. पण हे दिवस तिच्या लेकीचे आहेत, म्हणून पत्रभर त्या लेकीचेच कौतुक केले आणि आमच्या बातम्या शेवटच्या दोन ओळींत लिहिल्या. काकींनी ते पत्र चिमण्यांच्या वर, जुन्या साडीच्या घडीत ठेवून खोके बांधले. परतण्यापूर्वी फातर्प्याला जाऊन शांतादुर्गा कुंकळ्ळीकरणीची ओटी बाळाच्या नावाने भरली.

बारशाला गेले तेव्हा आधीच पोहोचलेले चिमणाळे पाळण्यावर टांगलेले होते आणि मैत्रिणीने मला बाळ हाती देण्याआधी पहिला प्रश्न विचारला तो सासूबाईंच्या गुडघ्याचा. दिराच्या लग्नासाठी लागणारे फणसाच्या लाकडाचे दोन रंगीत पाटही मी याच दुकानात सांगून ठेवले आहेत. काम हाताचे असल्यामुळे त्यांनी महिनाभराची मुदत मागितली आहे, आणि लग्न तुळशीच्या लग्नानंतरच असल्याने ती मला सोयीची आहे.