घरात फाइल शेअरिंग: पीसीचा फोल्डर की राउटरची हार्डडिस्क?

शिवाजी पेठेतलं घर, खाली पीसी, माडीवर लॅपटॉप. फाइल्स दोन्हीकडं हव्यात.

पीसीवरचा फोल्डर शेअर करायला खर्च शून्य. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क 'प्रायव्हेट' करा, फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग. लॅपटॉपच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये दोन उलटे स्लॅश आणि पीसीचं नाव टाका. इथंच बहुतेक जण अडकतात: पासवर्ड विचारतो आणि लोक विंडोज उघडायचा पिन टाकतात. पिन त्या मशीनपुरताच असतो, नेटवर्कवर चालत नाही. सरळ उपाय म्हणजे पीसीवर पासवर्डसह वेगळं लोकल (फक्त त्या पीसीपुरतं) खातं काढून त्यालाच परवानगी देणं. ती शेअरिंग आणि सिक्युरिटी, दोन्ही टॅबमध्ये हवी. एकीकडं 'रीड' असेल तर फाइल उघडेल, सेव्ह होणार नाही. आणि पीसी स्लीपमध्ये गेला की फोल्डर गायब!

राउटरच्या यूएसबीला लावलेली डिस्क पीसी बंद असला तरी चालते. पण स्वस्त राउटर नेटवर्कवर फाइल्स देण्याघेण्याच्या एसएमबी पद्धतीचं जुनं रूप, एसएमबी १, वापरतात, ते विंडोज १० मध्ये २०१७ पासून नव्यानं टाकताना बंदच येतं. ते चालू करू नका, धोक्याचं आहे. राउटरला एसएमबी २ आहे का ते घेण्याआधी बघा. पावसाळ्यात लाइट गेली की लिहिणं चालू असलेली डिस्क बिघडू शकते, राउटरला छोटा यूपीएस हवाच.

वेग? १०० एमबीपीएस पोर्टवर १० जीबीला पंधरा मिनिटं, गिगाबिटवर (१००० एमबीपीएस) दोनेक. जाड भिंतीतून वायफायवर विसंबू नका, केबल ओढा.

दोनच मशीन असतील तर आम्ही फोल्डरच सुचवू.