बॉयलरच्या परवान्याचे ६४,००० आणि विटांनी बुजवलेली खिडकी

लातुरात घरातच वसतिगृह चालवणाऱ्या बायांनो, लॉज-मंगल कार्यालयवाल्यांनो, डिझेलवरचा गरम पाण्याचा बॉयलर घ्यायचं डोक्यात असेल तर आधी हे वाचा.

खाली आम्ही दोघं राहतो, वरच्या दोन मजल्यांवर नीटची तयारी करणाऱ्या ३८ मुली. पहाटे साडेचारला आंघोळी सुरू. सोलर होतं, पण बोअरचं पाणी इतकं जड की नळ्या क्षारांनी भरून गेल्या. बंबाचा धूर शेजाऱ्यांना चालेना आणि इतके गीझर चालवायला मीटरचा लोड पुरेना. म्हणून बॉयलर. यंत्र दुकानातून रीतसर बिलानं घेतलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. लुटलं ते खोली 'तयार' करून देणाऱ्यानं.

नंबर नात्यातूनच आला होता. माणूस नीटनेटका, हातात फाईल. म्हणाला, "मावशी, तुमी फकस्त मागली खोली रिकामी करून द्या. परवाने, कागदं, समदं माझ्याकडं. परक्याच्या लेकी हायत वर, उद्या काही झालं तर तुमालाच आत घेतील." ज्याच्या घरात परक्यांच्या लेकी झोपतात त्याला हे ऐकून घाम फुटणारच. कुणीही असतं तरी पैसे दिले असते.

खोलीचं काम ४८,०००. चिमणी २२,५००. डिझेल साठवणुकीचा परवाना २७,०००. बॉयलरची सरकारी नोंदणी ३७,०००. एकूण १,३४,५००, सगळे फोनवरून क्यूआर कोडला. कोडवर कुठल्याशा बाईचं नाव आलं, तर म्हणे "आमच्या अकाउंटंट मॅडम." सरकारी फी कधीच माणसाच्या खात्यात जात नाही. राज्य सरकारची फी 'ग्रास' या सरकारी वेबसाइटवर चलन काढून भरतात आणि त्या चलनाचा नंबर आपल्याला तपासता येतो.

आता ज्या क्षणानं मला आजही झोप येत नाही तो सांगते. परवाना म्हणून त्यानं लॅमिनेट केलेला कागद आणला. शिक्का, सही, सगळं. त्यावर साठवण लिहिली होती २,५०० लिटर. आमचं पिंप २०० लिटरचं. मी बोट ठेवून विचारलंही, "हे एवढं कसं?" तो म्हणाला, "सरकारी फॉर्मात त्याच्या खाली आकडा टाकताच येत नाही, मावशी." आमचे सर, म्हणजे माझे मिस्टर, शेजारीच चष्मा लावून बसले होते, त्यांनाही ते पटलं. आणि नेमका तोच आकडा कायद्यातला निघाला! डिझेल २,५०० लिटरपर्यंत आणि कुठलंही भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल, तर परवाना लागतच नाही. नोंदणीचंही तसंच. पाणी १०० अंशांच्या खालीच तापवणारं यंत्र बॉयलरच्या कायद्यात बसत नाही, मग तो १९२३ चा जुना कायदा घ्या नाहीतर २०२५ चा नवा. वाफेचा बॉयलर वेगळा, त्याला नोंदणी लागते. आमचं पाणी साठ अंशांवर बंद होतं. म्हणजे जे लागतच नव्हतं त्याचे ६४,००० नेले.

पैशांपेक्षा खोलीचा संताप जास्त आहे. "आग बाहेर जायला नको" म्हणून त्यानं खिडकी विटांनी बुजवली आणि वर एक एक्झॉस्ट पंखा बसवला. दिसायला किती सुरक्षित! मागच्या खोलीतल्या मुली सकाळी डोकं दुखतं, मळमळतं म्हणायच्या. अभ्यासाचा ताण म्हणून मी त्यांना लिंबूपाणी देत होते. बर्नरच्या सर्व्हिसिंगला आलेल्या पोरानं दारातूनच यंत्र बंद करायला लावलं. बर्नरला जळायला हवा लागते, म्हणून भिंतीत खाली एक आणि वर एक झरोका कायम उघडा पाहिजे. बंद खोलीत पंखा हवा बाहेर ओढतो आणि चिमणीतला धूर उलटा आत येतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला ना वास ना रंग. शिवाय चिमणी गच्चीच्या कठड्याच्याही वर न्यायची सोडून त्या मुलींच्या खिडकीखालीच संपवलेली! पिंप बर्नरला खेटून, खाली कठडा नाही. फुटलं तर सगळं डिझेल मावेल एवढा कठडा बांधून घ्या. तेलाच्या नळीला, उष्णता वाढली की आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह हवा. विजेचा मेन स्विच खोलीबाहेर हवा. कोरड्या पावडरीचं अग्निशामक आणि वाळूच्या बादल्या ठेवा. पेटलेल्या डिझेलवर पाणी टाकू नका.

मग ठाण्यात गेले. "कागद तुम्हीच घेतला ना, पैसे तुम्हीच दिले ना?" असं मलाच विचारलं. सायबरकडे जा म्हणाले. सायबरवाले म्हणाले, माणूस घरी येऊन गेला, हे आमच्यात बसत नाही. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला. ज्या कार्यालयाचा शिक्का त्या कागदावर आहे तिथं गेले, तर साहेबांनी कागदाकडे बघून सांगितलं, "हे आमचं नाही." म्हटलं, तेवढंच लिहून द्या. तर म्हणे, तशी पद्धत नाही! अहो, तुमचा शिक्का चोरून वापरलाय, तुमच्या नावानं लोक लुटले जातायत, आणि तुम्हाला एक ओळ लिहायला पद्धत नाही? पंख्याखाली बसलेल्या एकालाही संताप येऊ नये? मी साठीची बाई जिने चढत होते आणि प्रत्येक टेबल मला दुसऱ्या टेबलाकडे ढकलत होतं. फिर्याद लिहून घेणं हे पोलिसांचं काम आहे, उपकार नाही. जुनी चारशेवीस आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. ठाण्यानं नकार दिला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ कलमाखाली पोलीस अधीक्षकांना टपालानं लेखी तक्रार पाठवता येते. मी रजिस्टर्ड पोस्टानं पाठवली आहे, पावती जपून ठेवली आहे.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर कुणाची वाट न बघता त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, मला हे कुणी वेळेवर सांगितलं नाही. खोलीच्या कामाचा शेवटचा हप्ता यंत्र पेटवून, चिमणी डोळ्यांनी बघूनच द्या. परवाना लागतो असं कुणी म्हटलं तर कायद्यातलं कलम लिहून मागा.

हाच माणूस आता नांदेडकडे वेगळ्या नावानं फिरतोय असं कानावर आलं आहे. गोरा, पन्नाशीचा, निळी फाईल, बोलण्यात सारखं "मावशी". तुमच्याकडून पैसे नेले असतील तर लाजू नका, आपापल्या ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि त्यावर पोच घ्या. एकट्या माझ्या अर्जाला ते ढकलतायत, चार जिल्ह्यांतून अर्ज गेले तर ढकलता येणार नाहीत.