छापलं ३८४, निघालं ४८ : यूएसबी हेडफोन ॲम्पच्या नावाखाली मिळालेला डबा

फोनला लावून हेडफोन वाजवायची ही यूएसबी ॲम्पची डोंगल : धातूची गुळगुळीत बॉडी, एका टोकाला सी-टाइप, दुसऱ्या टोकाला ३.५ आणि ४.४ मिलिमीटरचे दोन जॅक, मधे एक निळा दिवा. खोक्यावर छापलेलं : ३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, तो आकडा), डीएसडी २५६ (ऑडिओचा एक वेगळा फॉरमॅट), दोन ‘सीएस ४३१३१’ डॅक चिप (डॅक म्हणजे डिजिटल फाइलचा ॲनालॉग आवाज करणारी चिप), ३२ ओहमवर प्रत्येक चॅनलला २००० मिलिवॅट. किंमत २,४९९ रुपये, पैसे आगाऊ. वस्तू आली, फोनला लावली, गाणं लागलं. बहुतेक जण इथेच फसतात, कारण हा माल वाजतो. न वाजणारी वस्तू लोक त्याच दिवशी परत पाठवतात. वाजणारी वस्तू ‘आवाज अजून मोकळा व्हायचाय’ म्हणत आठवडाभर ऐकली जाते, आणि तेवढ्यात परतीची मुदत उलटते.

कानावर विसंबू नका. अनोळखी गाण्यावर, अनोळखी इअरफोनवर खरा आणि खोटा डॅक ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. त्यातून आवाज थोडा जरी वाढला तरी तो चांगलाच वाटतो. आकड्यांकडे बघा. खालच्या बहुतेक तपासण्यांना स्क्रू उघडावा लागत नाही, आणि लॅपटॉप हाताशी असेल तर पहिल्या दोन दहा मिनिटांत होतात.

पहिली तपासणी : वस्तू स्वतःबद्दल काय सांगते. यूएसबीला लावल्याबरोबर प्रत्येक उपकरण आपलं नाव, वेग, लागणारा विद्युतप्रवाह आणि चालणारे ऑडिओ फॉरमॅट कळवतं. विंडोजमध्ये साउंडच्या जुन्या खिडकीत डिव्हाइसवर दोनदा क्लिक करा आणि ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमधली फॉरमॅटची यादी उघडा. या नगाच्या यादीत १६ बिट, ४८ किलोहर्ट्झच्या वर काही नव्हतं. लिनक्सवर यूएसबी उपकरणांची झाडासारखी यादी मागवली की प्रत्येकापुढे वेग दिसतो. तिथे १२ मेगाबिट होतं, आणि हा एक आकडाच पुरेसा आहे. ३८४ किलोहर्ट्झ गुणिले ३२ बिट गुणिले दोन चॅनल म्हणजे सेकंदाला साधारण २४.६ मेगाबिट. १२ च्या नळातून २४ कसे जातील? १९२ किलोहर्ट्झ, २४ बिटसुद्धा त्यात बसत नाही : या वेगाला एका मिलिसेकंदात जास्तीत जास्त १०२३ बाइटचं ऑडिओ पाकीट जातं आणि लागतात ११५२. म्हणजे १२ मेगाबिटवर जोडलेली कुठलीही डोंगल ३८४ म्हणत असेल तर ती खोटं बोलते, चिप कोणतीही असो.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा, नाहीतर चांगल्या वस्तूवर आळ घ्याल. काही खऱ्या डोंगलमध्ये गेम कन्सोलसाठी ‘यूएसी १’ (यूएसबी ऑडिओचं जुनं मानक; नवं ते ‘यूएसी २’) मोड असतो. बटण दाबून धरलं की वस्तू त्यात जाते आणि ४८ किंवा ९६ च दाखवते. माहितीपत्रक वाचा, मोड बदला, पुन्हा जोडा. विंडोज १० ची २०१७ ची १७०३ आवृत्ती किंवा त्यानंतरची असेल तर ‘यूएसी २’ला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. उलट बाजूही आहे : यादीत ३८४ दिसलं म्हणजे आत ३८४ च आहे, असं नाही. काही चिप मोठा आकडा स्वीकारून आतल्या आत तो खाली आणतात. तिथे ऑसिलोस्कोपच लागतो.

या नगाने कळवलेलं नाव त्याहून गमतीचं होतं : ‘यूएसी डेमो व्ही १.०’. खोक्यावर ज्या ब्रँडचं नाव होतं त्याचा उल्लेखही नाही. स्वस्त ऑडिओ चिपसोबत मिळणाऱ्या नमुना प्रोग्रॅममधलं हे नाव. कारखान्यात ते बदलायचेही कष्ट कुणी घेतले नव्हते. ती चिप वाईट आहे असं नाही. दोन-तीनशे रुपयांच्या हेडसेटात ती आपलं काम नीट करते. फसवणूक आहे ती अडीच हजाराच्या लेबलात.

दुसरी तपासणी गणिताची, वस्तू हातात यायच्या आधीच होण्यासारखी. दोन चॅनलना २ वॅट म्हणजे ४ वॅट. यूएसबी २ चं उपकरण ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर मागू शकतं, म्हणजे अडीच वॅट. आत बॅटरी नाही. मग उरलेले दीड वॅट आले कुठून? या नगाने तर जोडणीच्या वेळी स्वतःच कळवलं होतं की आपल्याला जास्तीत जास्त १०० मिलिअँपिअर लागतील. म्हणजे सगळा मिळून अर्धा वॅट, त्यात दिवाही आला.

तिसऱ्या तपासणीसाठी मल्टिमीटर हवा. स्वस्त पिवळा मीटर इथे उपयोगाचा नाही. त्यावर एसीची सगळ्यात खालची रेंज २०० व्होल्ट असते आणि आपल्याला मोजायचा आहे एक व्होल्टच्या आसपासचा आकडा. २ व्होल्टची एसी रेंज असलेला किंवा रेंज आपोआप बदलणारा मीटर घ्या. ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये १०० हर्ट्झचा साइन टोन पूर्ण पातळीवर, म्हणजे ॲम्प्लिट्यूड १ ठेवून तयार करा आणि वेव्ह फाइल म्हणून जपून ठेवा. १ किलोहर्ट्झ टाळा, कारण साधे मीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला कमी दाखवतात. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या गल्लीत स्क्रू-टर्मिनलचा ३.५ चा प्लग आणि ३३ ओहम, अर्ध्या वॅटचे दोन रेझिस्टर मिळतात; किरकोळ खर्च आहे. इअरफोन काढून ठेवा. या टोनला पूर्ण आवाजात तो जाऊ शकतो, आणि कानात असेल तर कानही दुखावेल.

आधी मोकळ्या जॅकवर टिप (प्लगचं टोक) आणि ग्राउंड यांच्यात मोजा. मग त्याच दोन टोकांना ३३ ओहमचा रेझिस्टर, म्हणजे लोड, लावून पुन्हा मोजा. या नगावर मोकळा आकडा ०.७२ व्होल्ट आला आणि लोड लावल्यावर ०.४९. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम : ०.४९ चा वर्ग ०.२४, भागिले ३३ म्हणजे ७ मिलिवॅट आणि वर थोडं. छापलेले होते २०००. दोन सीएस ४३१३१ वाली खरी डोंगल लोड नसताना ३.५ च्या जॅकवर २ व्होल्टच्या आसपास आणि ४.४ च्या जॅकवर साधारण दुप्पट देते. इथे दोन्ही जॅकवर तेच ०.७२.

त्याच दोन आकड्यांतून ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्सही (त्याचा स्वतःचा आतला विद्युतरोध) निघतो. मोकळा व्होल्टेज भागिले लोडवरचा, त्यातून १ वजा, गुणिले ३३. इथे उत्तर आलं साडेपंधरा ओहम. हेडफोनच्या इम्पीडन्सच्या आठव्या हिश्शापेक्षा हा आकडा कमी असावा, असा या धंद्यातला साधा नियम आहे. ३२ ओहमला ४ च्या आत. अनेक ड्रायव्हर (आतले छोटे स्पीकर) असलेल्या आयईएमचा, म्हणजे कानात घट्ट बसणाऱ्या इअरफोनचा, इम्पीडन्स फ्रिक्वेन्सीनुसार वरखाली होतो. साडेपंधरा ओहम मधे घातले की कुठे बास फुगतो, कुठे वरचे सूर दबतात. गंमत अशी की जाहिरातीखाली ज्या ‘उबदार आवाजा’ची तारीफ चालली होती, त्यातला बराचसा भाग याचाच असणार.

चौथी तपासणी ४.४ च्या जॅकची. ‘बॅलन्स्ड’ (दोन्ही चॅनलचे मायनस वेगवेगळे) म्हणून हजार रुपये जास्त याच भोकाचे घेतात. मोकळा ४.४ प्लग आणून खोचा. डोंगल कशालाही जोडलेली नको. टोकापासून मागे क्रम असा : डावा प्लस, डावा मायनस, उजवा प्लस, उजवा मायनस आणि शेवटी ग्राउंड. मीटर बीपवर ठेवा आणि त्याची टोकं या क्रमातल्या दुसऱ्या व चौथ्या भागाला, म्हणजे दोन्ही मायनसना, लावून बघा. बीप वाजला तर तो बॅलन्स्ड नाही, ३.५ चीच तार मोठ्या जॅकला समांतर जोडलेली आहे. या नगात बीप वाजला, ०.३ ओहम. दोन्ही जॅकच्या टोकांत बीप वाजला म्हणून मात्र ओरडू नका. खऱ्या डोंगलमध्येही प्लसची बाजू दोन्ही जॅकना सामाईक असू शकते. निकाल मायनसवर लागतो. आणि खऱ्या बॅलन्स्ड जॅकला ४.४ मधून ३.५ करणारा कन्व्हर्टर कधीही लावू नका. दोन्ही मायनस तिथे एकत्र जोडले जातात आणि ॲम्प स्वतःच्याच आउटपुटवर शॉर्ट होतो.

उघडणं सगळ्यात शेवटी, परतीचा विषय संपल्यावरच. जॅकच्या बाजूच्या स्टिकरखाली दोन बारीक टॉर्क्स स्क्रू निघाले. आत अंगठ्याच्या नखाएवढा बोर्ड, त्यावर नंबर घासून काढलेली एकच चिप, आणि झाकणाला दुतर्फी टेपने चिकटवलेली लोखंडाची पट्टी. वजन हातात ‘भरीव’ लागावं म्हणून. निळा दिवा रेझिस्टरमधून थेट ५ व्होल्टवर. फाइल कोणतीही लावा, तो निळाच.

आता ज्या गोष्टींना लोक फसवणूक समजतात पण नसतात, त्याही सांगायला हव्यात, कारण चुकीची तक्रार करणाऱ्याचं पुढच्या वेळी कुणी ऐकत नाही. अँड्रॉइडवर आवाज एकदम कमी येणं : काही डोंगलचा आतला व्हॉल्यूम खाली राहतो आणि फोन तो वर नेत नाही. तीच डोंगल लॅपटॉपला लावा, फरक कळेल. ॲपलची लहानशी सी-टाइप डोंगल युरोपात अर्ध्या व्होल्टची आणि अमेरिकेत १ व्होल्टची विकली जाते. परदेशातून कुणी आणून दिली असेल तर आधी ते बघा. दहा मिनिटांनी बंद पडणं : काही फोनांत ओटीजी (फोनला यूएसबी उपकरण जोडायची सोय) सेटिंगमधून चालू करावं लागतं आणि वापर नसला की ते आपोआप मिटतं. हात लावला की आवाज तुटणं : दहापैकी बऱ्याच वेळा फोनच्या पोर्टात खिशातला कापूस बसलेला असतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हळू काढा. सुई घालू नका, मधली जीभ मोडते. जॅकमध्ये खरखर असेल तर प्लगवर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब, दहा-बारा वेळा आतबाहेर, आणि वाळू द्या. गाण्यात मधेच टिकटिक येत असेल तर फोन विमान मोडवर टाकून बघा. गेली तर केबलचं शील्डिंग कच्चं आहे, केबल बदला. आणि डोंगल खिशात फोनला लटकती ठेवू नका, सी-टाइपच्या मुळाशी सोल्डर तिथेच तडकतो.

एक मात्र फसवणूकच : ‘डॅक आहे’ म्हणून विकलेली नुसती तार. काही फोन सी-टाइपमधून थेट ॲनालॉग आवाज सोडतात आणि तिथे ती चालते. तुमच्या फोनात ती सोय नसेल तर चूप. यूएसबी उपकरणांच्या यादीत ती दिसतच नाही, कारण आत चिपच नाही.

परतीचं कारण निवडताना ‘बिघाड’ निवडू नका. बिघाड म्हटलं की तोच डबा बदलून येतो, किंवा दारात आलेला माणूस गाणं वाजवून ‘चालू आहे’ असा शेरा मारतो. ‘वर्णनाप्रमाणे वस्तू नाही’ निवडा आणि एका ओळीत लिहा : जाहिरातीत ३८४ किलोहर्ट्झ, प्रत्यक्षात ४८, स्क्रीनशॉट सोबत. जाहिरातीच्या पानाचाही स्क्रीनशॉट ऑर्डरच्या दिवशीच काढून ठेवा. तक्रारीनंतर आकडे बदललेले दिसतात. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि मूळ देश असणं बंधनकारक आहे. या खोक्यावर आयातदाराची जागा कोरी होती, तोही फोटो जोडा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. ते झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग, जिथे ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

या प्रकरणात तक्रार टाकल्यावर विक्रेत्याकडून दोन गोष्टी आल्या. आधी एक लिंक, ‘हे ॲप टाका, ३८४ चालू होईल’. ॲपने यूएसबीचा वेग बदलत नाही, आणि बाहेरच्या लिंकवरून ॲप टाकणं म्हणजे फोनच दुसऱ्याच्या हाती देणं. दोन दिवसांनी फोन : परताव्यासाठी क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका. पैसे घ्यायला पिन लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. कुणी टाकलाच असेल तर बँकेला कळवा आणि लगेच १९३० वर फोन करा. तिथे उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

पैसे शेवटी मूळ खात्यात परत आले, ‘वर्णनाप्रमाणे नाही’ या शेऱ्यावर, अठराव्या दिवशी. तीच बॉडी आता दुसऱ्या नावाने विकायला आहे, खोक्यावर ७६८ किलोहर्ट्झ छापून. ओळखायची खूण : ४.४ च्या जॅकभोवती सोनेरी कडं, ३.५ च्या भोवती काळं, आणि फोटोत दिवा प्रत्येक वेळी निळाच.